फाटक मिटते, पण खटका पडत नाही

वाचकांचे प्रश्न : शेतावरील लोखंडकाम

कुळागरे (सुपारी-नारळाच्या बागा), भाटे (माडांच्या बागा) आणि गोठ्यांच्या फाटकांविषयी आलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. पहिल्याचे उत्तर लांब आहे, कारण बाकीच्या चारही उत्तरांचा हिशेब त्यावरच उभा आहे.

प्रश्न : आमच्या कुळागराला १० फुटी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचे फाटक आहे, ते आतल्या बाजूला उघडते. नारळाची ओझी घेऊन जाणारी माणसे ते उघडेच टाकतात आणि मोकाट गुरे आत शिरतात. म्हणून ओढणारी स्प्रिंग बसवली. फाटक जोरात येते, पण खांबापासून चार बोटांवर थांबते. कडी हातानेच लावावी लागते. स्प्रिंग आणखी जड घ्यावी का?
— एक बागायतदार, सत्तरी

उत्तर : जड स्प्रिंग घेऊ नका. फाटक अधिक जोराने आपटेल, पिन आणि खांब लवकर खिळखिळे होतील, आणि चार बोटांचे अंतर कदाचित तीन बोटांचे होईल. ओढणारी स्प्रिंग फाटक पूर्ण उघडे असते तेव्हा सर्वांत जास्त ताणलेली असते, म्हणजे नको तिथे जोर लावते. फाटक मिटत येते तशी ती सैल पडते. नेमक्या त्याच वेळी खटक्याची पट्टी (फाटकावरची सैल पट्टी, जी खांबावरचा उतार चढून खाचेत पडते) उचलायचे काम येते आणि ते करायला जोर उरलेला नसतो. मिटणे आणि खटका पडणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामाला लागणारा जोर शेवटच्या वितीत शिल्लक ठेवणे, हीच या रचनेतली खरी अडचण आहे.

स्प्रिंग काढून टाका आणि फाटकाचे वजनच कामाला लावा. १० फूट म्हणजे ३ मीटर रुंद फाटक, वजन ६० किलोच्या आसपास, दोन बिजागऱ्यांमधले उभे अंतर ९०० मि.मी. असे धरून पुढचे आकडे दिले आहेत. तुमचे फाटक वेगळे असेल तर त्याच प्रमाणात बदला.

खांबावरची वरची पिन खालच्या पिनेपेक्षा २५ मि.मी. पुढे, खटक्याच्या खांबाकडे घ्या. फाटकावरचा खालचा बुश (पिनेवर बसणारी नळी) तेवढाच २५ मि.मी. लांब ठेवा, म्हणजे बंद असताना फाटक सरळच दिसेल. यामुळे फिरण्याची रेषा कलते, उघडताना फाटकाचे मोकळे टोक वर चढते आणि सोडले की उतारावर आल्यासारखे परत येते. खालचा बुश २० मि.मी.च्या आटेदार रॉडवर वेल्ड करून तो रॉड फाटकाच्या उभ्या पाइपातून आरपार न्या आणि दोन्ही बाजूंनी नट लावा. पुढे कमी-जास्त करायला वेल्डिंगवाल्याला पुन्हा बोलवावे लागणार नाही.

बरेच जण इथेच थांबतात आणि इथेच फसतात. फक्त २५ मि.मी. पुढे घेतले तर फाटकाची सर्वांत खालची जागा आणि बंद जागा एकच होते. खालच्या जागेवर पोचलेल्या फाटकाला पुढे ओढणारे काहीच नसते. म्हणून वरची पिन आणखी ९ मि.मी. बाहेरच्या बाजूला, म्हणजे फाटक ज्या बाजूला उघडते त्याच्या उलट बाजूला घ्या. आता सर्वांत खालची जागा बंद जागेच्या सुमारे २० अंश पलीकडे गेली. फाटकाला तिथवर जायचे असते, पण खांबाचा अटकाव आधी येतो. त्यामुळे बंद असतानाही ते खांबावर रेलून राहते. जेमतेम १० अंश उघडून सोडलेले फाटक बंद होताना जो जोर घेऊन येते, तो या ९ मि.मी.मुळे सुमारे पाचपट होतो.

आता त्या रेलण्याचे वजन पाहू. फाटकाच्या टोकाशी ते जवळपास ३०० ग्रॅम भरते. मासे तोलायचा स्प्रिंगचा काटा टोकाला अडकवून, फाटक बंद जागेवरून बोटभर मागे ओढून धरले की हाच आकडा दिसायला हवा. ६० किलोच्या फाटकातून हाताशी येतात ते ३०० ग्रॅमच, आणि त्यातूनही बिजागरी आपला वाटा घेते. २० मि.मी.ची ग्रीस लावलेली पिन ८५ ग्रॅम खाते. तीच पिन एका पावसाळ्यानंतर कोरडी पडून गंजली की २०० ग्रॅमच्या वर खाते. बहुतेक फाटके मार्गशीर्षात नीट चालतात आणि पुढच्या श्रावणात अडतात, ती यामुळेच.

उरले २१५ ग्रॅम. खटका त्यात बसला पाहिजे. बाजारात मिळणारी ४० × ८ मि.मी.ची जाडजूड पट्टी मजबूत दिसते, पण ३५० मि.मी. लांबीला ती पाऊण किलोच्या वर जाते आणि टोकाशी तिचा ४४० ग्रॅम भार येतो. ती या फाटकाने उचलणार नाही. २५ × ६ मि.मी.ची, ३०० मि.मी. लांब पट्टी घ्या. वजन ३५० ग्रॅम, टोकाशी भार १७५ ग्रॅमच्या आसपास. ताकदीची काळजी नको. जनावर अंगाने रेटते तेव्हा पट्टीवर आडवा दाब येतो आणि तो पट्टीने नव्हे, मार्गदर्शक कड्याने आणि खाचेच्या भिंतीने सोसायचा असतो.

पट्टीच्या मागच्या टोकाला १२ मि.मी.चा बोल्ट, दोन्ही बाजूंना नायलॉनचे वॉशर आणि न सुटणारा नायलॉक नट. नट पूर्ण आवळू नका; पट्टी उचलून सोडली की स्वतःच्या वजनाने पडली पाहिजे. फाटकाच्या टोकाच्या पाइपवर ८ मि.मी. सळीचे उभे कडे वेल्ड करा. त्यात पट्टीला वर-खाली ६० मि.मी. मोकळीक आणि जाडीच्या बाजूने १ मि.मी. सैलपणा असू द्या. त्याहून सैल ठेवली तर पट्टी वाकडी होऊन खाचेच्या कडेवर बसते.

खांबावरची प्लेट ६ मि.मी. जाड, १०० मि.मी. रुंद, १२० मि.मी. उंच. येणाऱ्या बाजूला ६० मि.मी. लांबीत ३५ मि.मी. चढणारा उतार कापा, म्हणजे ३० अंशांचा. मग १२ मि.मी. रुंद आणि ४० मि.मी. खोल खाच. खाचेपलीकडची भिंत उताराच्या माथ्यापेक्षा ४० मि.मी. उंच ठेवा. पट्टी कड्यात टेकलेली असताना तिची खालची कड माथ्याच्या २० मि.मी. खाली यावी. फाटक पुढे १५ मि.मी. खाली बसले तरी पट्टी उतारालाच लागेल आणि खाचेत पडेल.

उतार ३० अंशांचाच का, हे समजून घ्या, कारण वर्कशॉपमध्ये तो हमखास ४५ चा होतो. गुळगुळीत लोखंडावर १७५ ग्रॅम भार ३० अंशांवरून चढवायला जवळपास तेवढाच, १८५ ते १९० ग्रॅम आडवा जोर लागतो. ४५ अंशांवर तो पावणेदोनपट होतो. ६० अंशांवर चौपट, आणि गंज चढला असेल तर पट्टी चढतच नाही, तिथेच रुतते. आपल्याकडे २१५ ग्रॅम आहेत. ३० च्या पुढे जायची सोय नाही. उतार कानसाने घासून गुळगुळीत करा, माथ्याची धार गोल करा, पट्टीची खालची कडही गोल करा. या दोन पृष्ठभागांना रंग लावू नका. रंग चिकटतो, मग खरवडला जातो आणि त्याखाली गंज धरतो. तिथे फक्त ग्रीस.

दुसरे टोकही सांभाळायला हवे. पूर्ण उघडून सोडलेले फाटक घर्षण कमी असेल तर टोकाशी सेकंदाला पावणेदोन मीटर वेगाने येऊ शकते. पट्टीला २० मि.मी. खाली पडायला सेकंदाचा विसावा भाग लागतो आणि तेवढ्यात फाटक ९ सें.मी. पुढे जाते. म्हणून ती पलीकडची उंच भिंत हवी आणि म्हणूनच रबरही हवे. जुन्या टायरचा १० मि.मी. जाड तुकडा खांबावर बोल्टने बसवा, असा की पट्टी त्या भिंतीला लागायला २ मि.मी. उरले असताना फाटक रबराला टेकेल. रबर त्याहून जाड झाले की फाटक खाचेपर्यंत पोचतच नाही आणि पट्टी माथ्यावर बसून राहते. दुरून खटका लागल्यासारखा दिसतो, आणि गाय नाकाने ढकलते.

बिजागरीबद्दल दोन गोष्टी. रेषा कललेली असल्याने दोन्ही पिना त्याच कलतीने वेल्ड करा. ते जमत नसेल तर २० च्या पिनेला २२ मि.मी. भोकाचा, ४० मि.मी. लांब बुश वापरा, नाहीतर तो कात्रीत पकडल्यासारखा अडकतो. फाटकाचे सगळे वजन फक्त खालच्या पिनेवर घ्या आणि तिथे पितळेचे दोन वॉशर ठेवा. ग्रीस मृगाआधी एकदा, गणेश चवथीच्या सुमारास एकदा, पावसाळा संपल्यावर एकदा.

सगळे झाले की फाटक वीतभर उघडून हळूच सोडा. दहापैकी दहा वेळा खटका पडला पाहिजे. मग बादलीभर पाणी ओतून पुन्हा दहा वेळा. नऊ वेळा पडला तर काम अपुरे आहे : खालच्या बुशाचे नट फिरवा, ग्रीस पाहा, उतार घासा. पूर्ण उघडून सोडण्याच्या चाचणीवर विसंबू नका. ती कोणतेही फाटक पास होते.

पॉवर टिलर किंवा पिकअप आत घ्यायची असेल तेव्हा फाटक उघडे राहायला आतल्या बाजूला खुंटी आणि साखळीचा आकडा ठेवा. ९० अंशांवर टोकाशी परतीचा ओढ ८०० ग्रॅमच्या आसपास असतो. दगड लावून भागवू नका, दगड सरकतो.

प्रश्न : आमचे भाट समुद्राजवळ आहे. खटक्याची स्प्रिंग आणि पिना दोन पावसाळ्यांत गळून गेल्या. सगळे स्टेनलेसचे करावे का?
— पेडणे

उत्तर : स्प्रिंगच नको. वजनाने पडणारी पट्टी वर सांगितल्याप्रमाणे करा. तिच्यात तुटण्यासारखे काही नाही. पट्टी, प्लेट आणि कडे वेल्डिंग-कापणी पूर्ण झाल्यावर गरम जस्ताच्या टाकीत बुडवून घ्या. थर दर बाजूला सुमारे ०.०८ मि.मी. चढतो, तेव्हा भोके तेवढी मोठी ठेवा आणि उतारावरचे जस्ताचे ओघळ कानसाने काढा. नंतर वेल्डिंग केले तर त्या जागेचे जस्त जळून जाते. तिथे जस्तयुक्त प्रायमरचे दोन हात द्यावेत. आणि जीआय वेल्ड करताना आधी जस्त घासून काढावे, मोकळ्या हवेत काम करावे. तो पांढरा धूर छातीला वाईट.

पिना स्टेनलेसच्या करणे योग्य, पण ३१६ ग्रेडच्या. ३०४ वर खाऱ्या वाऱ्याने तांबूस डाग आणि बारीक खड्डे पडतात, आणि असा खड्ड्यांचा पृष्ठभाग घर्षण वाढवतो. स्टेनलेसची पिन साध्या लोखंडी बुशात घातली तर खाऱ्या ओलीत बुश अधिक लवकर झिजतो. बुशात प्लास्टिकची नळी बसवा. नायलॉन पाणी शोषून फुगतो, त्याला पिनेभोवती ०.३ ते ०.४ मि.मी. जागा सोडा, अ‍ॅसिटल (एक कडक प्लास्टिक) मिळाले तर अधिक चांगले, ते फारसे फुगत नाही.

प्रश्न : खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीतल्या) मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, दारे भरतीला आपोआप मिटतात, त्यांना कसला खटका नसतो. मग शेताच्या फाटकाला तशी रचना का करत नाहीत?
— चोडण

उत्तर : प्रश्न फार चांगला आहे. मानशीचे दार मिटले की काम संपत नाही, तिथून सुरू होते. भरतीचे पाणी चढते तसा त्याच्यावरचा दाब वाढत जातो. १ मीटर रुंद, १ मीटर उंच दाराच्या एका बाजूला काठोकाठ पाणी आणि दुसरी बाजू रिकामी असेल तर ते पाणी दाराला सुमारे ५०० किलोच्या भाराने चौकटीवर दाबून धरते. ओहोटीला आतले पाणी उंच राहते, दाब उलटतो आणि दार उघडते. म्हणजे जेव्हा बंद राहणे सर्वांत गरजेचे, तेव्हाच सर्वांत मोठा जोर हजर असतो. शेताच्या फाटकाचे उलटे : बंद जागेवर त्याच्याकडे ३०० ग्रॅम असतात आणि गाय त्याहून पुष्कळ जास्त ढकलते. खटका ही तफावत भरून काढतो. मानशीतून घेण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे : दार चौकटीच्या ओळीत न मिटता चौकटीवर टेकते. तुमचे फाटकही खांबांच्या मध्ये न अडकता खांबाच्या अटकावावर टेकू द्या. पावसाने लाकूड फुगले किंवा खांब जरा सरकला तरी ते अडणार नाही.

प्रश्न : चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे) खांब आहेत. दर पावसाळ्यानंतर फाटक इंचभर खाली बसते आणि पट्टी खाचेच्या खाली जाते. दर वर्षी प्लेट खाली सरकवतो. कायमचा उपाय?
— केपे

उत्तर : आधी बसते काय ते शोधा. फाटक बंद करून बिजागरीच्या खांबाला ओळंबा लावा. खांब सरळ आणि फाटकाचे टोक खाली असेल तर दोष चौकटीत. बहुतेक वेळा तिरकी पट्टी उलटी बसवलेली असते. पाइपचा तिरका टेकू खालच्या बिजागरीपासून वरच्या मोकळ्या कोपऱ्याकडे जायला हवा. तो दाबाने काम करतो. तारेचा किंवा पातळ सळीचा ताण द्यायचा असेल तर तो वरच्या बिजागरीपासून खालच्या मोकळ्या कोपऱ्याकडे. उलटी बसवलेली सळी वाकते, धरत नाही.

खांबच झुकला असेल तर गणित पाहा. ३ मीटरचे ६० किलोचे फाटक वरच्या बिजागरीपाशी खांबाला सतत १०० किलोने ओढते. बिजागऱ्यांमधले अंतर ९०० ऐवजी १२०० केले तर हीच ओढ ७५ वर येते, तेव्हा उंची मिळत असेल तर ती घ्या. त्यातही पहिल्या उत्तरातले २५ आणि ९ हे आकडे ३३ आणि १२ करा, नाहीतर कल कमी पडेल. चिरा दाब चांगला सोसतो, ओढ सोसत नाही. चिऱ्यात मारलेला अँकर बोल्ट पावसाळ्यात भोवतालच्या भुग्यासकट सैल होतो. बिजागरीचा बोल्ट खांबातून आरपार न्या आणि मागे १५० × १५० × ६ मि.मी.ची प्लेट लावा. खांब नव्याने बांधत असाल तर मधे सळ्यांचा काँक्रीटचा गाभा घ्या आणि पाया निदान ७५० मि.मी. खोल, भरावाच्या मातीत नव्हे तर कठीण जमिनीत. फाटकाच्या पायथ्याशी पाणी साचू देऊ नका. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मि.मी. पाऊस पडतो आणि पन्हळीचे पाणी बहुतेकांनी नेमके याच खांबाशी सोडलेले असते.

प्लेटला वर-खाली सरकायला लांबट भोके ठेवा, पण ती शेवटची सोय समजा.

प्रश्न : म्हैस खटक्याची पट्टी शिंगाने उचलते. आणि घराकडच्या फाटकातून दुचाकी ढकलत जावे लागते, ते दोन्ही बाजूंना उघडणारे करता येईल का?
— फोंडा

उत्तर : म्हशीसाठी पट्टी गोठ्याच्या बाजूला न ठेवता पलीकडच्या बाजूला ठेवा आणि गोठ्याच्या बाजूने तिच्यासमोर २५० × २०० मि.मी.चा पत्रा वेल्ड करा. माणसाचा हात वरून जाईल, शिंग जाणार नाही. वरची पिन खाली तोंड करून बसवा, खालची वर तोंड करून, म्हणजे म्हशीने फाटकाखाली मान घालून उचलले तरी ते पिनांवरून सुटणार नाही. रात्री जनावरे बांधल्यावर साखळी लावाच. आपोआप पडणारा खटका दिवसाच्या येण्याजाण्यासाठी आहे. गव्याच्या वाटेवर फाटक असेल तर कुठल्याही खटक्यावर भरवसा ठेवू नका. तो फाटकच मोडतो.

दोन्ही बाजूंना उघडणारे फाटक होते, पण ते वेगळे असते. पलीकडची उंच भिंत ठेवता येत नाही, उतार दोन्ही बाजूंना द्यावा लागतो, आणि बंद जागा मध्यभागी येते. मध्यावर फाटक रेलून राहावे म्हणून खालच्या बिजागरीत एका पिनेऐवजी शेजारी-शेजारी दोन पिना लागतात, मध्यांमधले अंतर ३० मि.मी., आणि फाटकावर त्या दोहोंवर टेकणारी दोन खाचांची बैठक. एका बाजूला उघडताना फाटक एका पिनेवर फिरते, दुसऱ्या बाजूला दुसरीवर. वरची पिन २५ मि.मी. पुढे तशीच, ९ मि.मी. बाहेर मात्र घेऊ नका. खाच १८ मि.मी. रुंद करा. तरीही फाटकाचा वेग सेकंदाला ३५ सें.मी.च्या खाली आल्याशिवाय पट्टी खाचेत पडणार नाही, तोवर फाटक तीन-चार वेळा झुलेल. मागे मूल किंवा दुचाकी असेल तर ते झुलणे धोक्याचे आहे. त्यामुळे मोठे फाटक एकाच बाजूला उघडणारे ठेवून शेजारी ९०० मि.मी. रुंदीचे छोटे दार करा. तेही एकाच बाजूला उघडू द्या, खटका तोच, फक्त वजन कमी असल्याने पट्टी २० × ५ मि.मी.ची, आणि २५ व ९ हे आकडे दुपटीने वाढवा.